न्यूझीलंडची रोड ट्रिप : पहिले चार दिवस कसे आखावेत

घर्रर्रर्र असा आवाज आला आणि स्टेअरिंग हातात थरथरलं. तिथल्या हायवेच्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर बारीक उंचवटे असतात. चाक त्यावर चढलं की अख्खी गाडी गुरगुरते. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "गाडी बाजूला घे गं आधी." माझे डोळे उघडेच होते असं मला अगदी शपथेवर वाटत होतं. पण ते मिटले होते. सकाळचे साडेनऊ, लख्ख ऊन, नाकासमोर सरळ रस्ता, रात्री सात तास अंथरुणात पडलेली मी, आणि तरीही.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही क्राइस्टचर्चला उतरलो होतो. पुण्याहून कोकणात जाताना पहाटे चारला निघायचं, म्हणजे ट्रॅफिक लागत नाही, ही घरातली जुनी सवय. त्याच सवयीने इथेही सकाळी सव्वाआठला गाडी हायवेला घातली. डिसेंबरात न्यूझीलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. तिथे सकाळचे साडेनऊ वाजले, तेव्हा माझ्या शरीराच्या घड्याळात मध्यरात्रीचे दोन वाजले होते. रात्री दोनला पुण्यात मी कधी गाडी चालवायला बसले नसते. आम्ही अ‍ॅशबर्टन गावात शिरलो, झाडाखाली गाडी लावली आणि चाळीस मिनिटं झोपून घेतलं.

पुढे तीन वर्षांनी भावाच्या कुटुंबाबरोबर तोच प्रवास पुन्हा केला, तेव्हा पहिले चार दिवस उलटे आखले. खालचं सगळं त्या दोन्ही प्रवासांमधून आलेलं आहे. लेख न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाबद्दल आहे, कारण परदेशात पहिल्यांदा गाडी हाती घेणाऱ्या मराठी माणसाला मी हीच जागा सुचवते. गाड्या डाव्या बाजूने चालतात, स्टेअरिंग उजवीकडे असतं, पाट्या इंग्रजीत असतात आणि रस्त्यावर गर्दी कमी असते. फक्त 'आपल्यासारखंच आहे की' या समजुतीवर निर्धास्त होऊ नका. बाजू आपली असली तरी नियम पाळण्याची रीत आपली नाही.

निघण्याआधी घरी करायची कामं

व्हिसाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. सुट्ट्यांच्या हंगामात जाणार असाल तर दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. व्हिसाच्या शुल्काबरोबरच पर्यटकांवरचा एक कर घेतला जातो, तो २०२४ च्या ऑक्टोबरपासून १०० न्यूझीलंड डॉलर झाला आहे. भारतातून थेट विमान नसल्यामुळे वाटेत कुठेतरी बदलावं लागतं. सिडनी किंवा मेलबर्नमार्गे जाणार असाल तर भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसाही लागतो. हे तिकीट काढायच्या आधीच बघा. आणि ऑकलंडमार्गे जात असाल तर इमिग्रेशन आणि सामानाची तपासणी ऑकलंडलाच होते, मग देशांतर्गत टर्मिनलला जावं लागतं. दोन विमानांच्या मध्ये तीन तास तरी असू द्या.

लायसन्स. आपलं महाराष्ट्राचं स्मार्ट कार्ड इंग्रजीत असतं, ते तिथे चालतं. लर्निंग लायसन्स चालत नाही. फोनमधल्या डिजिलॉकरवर विसंबू नका, कार्ड खिशात हवं. तरीही मी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढते. परिवहनच्या संकेतस्थळावरून अर्ज करायचा, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. गाडी देणाऱ्या काही कंपन्या तो मागतात आणि काउंटरवर उभं राहून वाद घालण्यापेक्षा हे सोपं. गाडी चालवणारे दोघं असतील तर दोघांचीही नावं करारात घाला. ज्याचं नाव नाही त्याच्या हातून काही झालं तर विमा हात वर करतो.

मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, कारण डिपॉझिटची रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्डावर बऱ्याच ठिकाणी गाडी मिळत नाही. विम्याबाबत एकच प्रश्न विचारा: अपघात झाला तर आमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार? साध्या विम्यात हा आकडा काही हजार डॉलर असतो. रोजचे थोडे जास्त पैसे देऊन तो खाली आणता येतो. तिथल्या रस्त्यांवर खडी उडते, म्हणून समोरची काच आणि टायर त्यात धरलेत का, हे वेगळं विचारा. या बाबतीत काटकसर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लहान मूल बरोबर असेल तर गाडीबरोबरच चाइल्ड सीट बुक करा. सातवा वाढदिवस होईपर्यंत ती कायद्याने सक्तीची आहे. 'मांडीवर घेते' हे तिथे चालत नाही, आणि पट्टा मागच्या सीटवरच्या आजी-आजोबांनाही लावावाच लागतो.

डब्यातलं काय न्यायचं

हा आपल्या माणसांचा सगळ्यात जिव्हाळ्याचा आणि सगळ्यात गोंधळाचा भाग, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

न्यूझीलंड हा शेतीवर आणि गुरांवर जगणारा देश आहे. भोवती समुद्र असल्यामुळे अनेक रोग आणि किडी तिथे पोचलेल्याच नाहीत. आपल्याकडे गुरांना लाळ-खुरकूत होतो, तिथे तो नाही. तो एकदा शिरला तर देशाचा दूधधंदा आणि मांसाचा व्यापार कोलमडेल. त्यामुळे विमानतळावरचा अधिकारी तुमचा चिवड्याचा डबा उघडून बघतो, तेव्हा तो तुम्हाला त्रास देत नसतो, देशाची राखण करत असतो. हे मनाशी धरलं की रांगेत चिडचिड होत नाही.

नियम साधा आहे. खाण्याची कुठलीही वस्तू जवळ असेल तर ती जाहीर करायची. प्रवासाआधी ऑनलाइन भरायच्या घोषणापत्रात 'खाद्यपदार्थ आहेत' याला 'हो' म्हणायचं. हे पत्र सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं, पैसे मागणारी पानं सरकारी नसतात. जाहीर केलेली वस्तू अधिकाऱ्याला पटली नाही तर ती काढून घेतली जाते, बस. न सांगता सापडली तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये विसरलं, तरी तोच दंड.

आम्ही काय करतो ते सांगते. मध, फळं, कुठलंही बी-बियाणं, तूप, पेढे-बर्फी घरीच ठेवतो. डाळ-तांदूळ नेत नाही, क्राइस्टचर्चमध्ये भारतीय किराणा दुकानं आहेत, तूरडाळ ते पोहे सगळं मिळतं. चकल्या, खाकरे, गोडा मसाला असं थोडंसं कोरडं सामान एकाच पारदर्शक पिशवीत, प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहून, बॅगेत सगळ्यात वर ठेवतो. सासूबाईंची भाजणी अधिकाऱ्याने हातात घेतली, वास घेतला, कशाची म्हणून विचारलं. 'भाजलेलं पीठ' एवढं सांगितल्यावर परत दिली. पाच मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

आणखी एक. ट्रेकचे बूट नेणार असाल तर तळव्यांच्या खाचा जुन्या टूथब्रशने घासून धुऊन, वाळवून न्या. राजगडाची माती आपल्याला कितीही प्रिय असली तरी तिथे ती मातीच असते आणि तीही जाहीर करावी लागते.

पहिला दिवस : गाडी घ्यायचीच नाही

विमानतळावरच गाडी ताब्यात मिळते म्हणून लगेच घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. दोन रात्रींच्या तुटक झोपेनंतर अनोळखी गाडी आणि अनोळखी शहर हे एकत्र नको. बस किंवा टॅक्सीने मुक्कामी जा, आंघोळ करा आणि उन्हात बाहेर पडा. बाहेरचा उजेड अंगावर घेणं हे घड्याळ जुळवायचं सगळ्यात चांगलं औषध आहे.

क्राइस्टचर्च पायी फिरण्यासारखं आहे. एव्हन नदीच्या काठाने बोटॅनिक गार्डनमध्ये जा. शहराच्या मध्यभागी गेलात तर मोकळे पडलेले भूखंड आणि कोऱ्या इमारती शेजारी शेजारी दिसतील. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात इथे १८५ माणसं गेली. जुन्या कॅथेड्रलची पडझड झाल्यावर जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी पुठ्ठ्याच्या जाड नळ्या वापरून तात्पुरतं चर्च उभं केलं, ते २०१३ पासून उघडं आहे. आत जाऊन पाच मिनिटं बसा. किल्लारी आणि भूज आठवणाऱ्या आपल्या पिढीला तिथे वेगळं काही सांगावं लागत नाही.

टोपी आणि सनस्क्रीन पहिल्या दिवसापासून. हवा गार असली तरी तिथलं ऊन फार जाळतं.

दुसरा दिवस : गाडीशी ओळख

उशिरा उठा. गाडी दुपारी बाराच्या पुढे घ्या. बाराला आपले पहाटेचे साडेचार झालेले असतात, म्हणजे शरीर उठायच्या बेताला आलेलं असतं.

किल्ली हातात आली की आधी व्हिडिओ काढा. चारही बाजू, चारही चाकं, काच, छप्पर, आतल्या सीट, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. ओरखडा दिसला तर कागदावर लिहून घ्या. इंधनाच्या झाकणावर पेट्रोल की डिझेल ते बघा. डिझेलच्या गाडीला किलोमीटरप्रमाणे रस्त्याचा वेगळा कर असतो, तो भाड्यात आहे की नंतर लावणार ते विचारा.

मग पार्किंगमध्येच पंधरा मिनिटं बसा. खरंच बसा. आरसे लावा, वायपर, दिवे, काचेवरचं बाष्प घालवायचं बटण शोधा. भाड्याची गाडी बहुतेक ऑटोमॅटिक असते. आयुष्यभर क्लचची गाडी चालवलेल्या माणसाचा डावा पाय इथे घात करतो. सिग्नल दिसला की तो सवयीने क्लच शोधतो, तिथे रुंद ब्रेक असतो, आणि गाडी जागच्या जागी आपटल्यासारखी थांबते. मागच्याला कल्पनाही नसते. माझ्या भावाने पहिला अर्धा तास डावा पाय मुद्दाम मागे, सीटला चिकटवून ठेवला होता. मोकळ्या पार्किंगमध्ये दहा वेळा थांबा-निघा करा. पायाला कळायला वेळ लागतो, पण एकदा कळलं की कळलं.

त्या दिवशीचा प्रवास एवढाच : विमानतळ ते सुपरमार्केट ते मुक्काम. वाटेत सर्कल लागतील, तीच तुमची शाळा. इथे सर्कलमध्ये उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, आणि तो शंभर टक्के पाळला जातो. गाडी किंचित पुढे सरकवून जागा काढायची, हे चालत नाही. समोरचा माणूस तुम्ही थांबणार हे गृहीत धरूनच वेगात येत असतो. डावीकडे वळायचं असेल तर आधीपासून डावा इंडिकेटर, उजवीकडे जायचं असेल तर उजवा, आणि कुठेही जायचं असलं तरी सर्कलमधून बाहेर पडताना डावा.

आपल्या हाताला लागलेल्या आणखी काही सवयी सोडवाव्या लागतात. फ्री लेफ्ट नावाचा प्रकार नाही, लाल म्हणजे डावीकडे वळणाऱ्यालाही लाल. 'स्टॉप' पाटीवर रस्ता रिकामा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस पाऊल टाकायच्या बेतात असेल तरी थांबायचं. रस्त्याच्या उजव्या कडेला, उलट्या तोंडाने गाडी लावायची नाही. हॉर्न मी दोन्ही प्रवासांत मिळून एकदा वाजवला, तोही मेंढ्यांसाठी नव्हे, कारण मेंढ्यांसाठी वाजवायचा नसतो. कळप रस्त्यावर आला की थांबून राहायचं, हळूहळू ती वाट देतात.

सुपरमार्केटमध्ये पुढच्या तीन दिवसांचं सामान भरा. पुढच्या गावांत दुकानं लहान आणि भाव चढे. डोंगराळ भागात तुम्हाला 'डेअरी' अशी पाटी दिसली तर ते दूधकेंद्र नव्हे, कोपऱ्यावरचं किराणा दुकान. बऱ्याच वेळा आत काउंटरवर गुजराती बोलणारं कुटुंब भेटतं. २५ डिसेंबरला जवळजवळ सगळी दुकानं कायद्याने बंद असतात, त्यामुळे नाताळात असाल तर २४ तारखेला दुपारीच खरेदी उरका.

मुक्कामाला मोटेल घ्या आणि बुक करताना 'पूर्ण स्वयंपाकघर' आहे ना ते तपासा, नाहीतर नुसता मायक्रोवेव्ह आणि किटली हाती येते. पहिल्या संध्याकाळी काउंटरवरच्या बाईंनी किल्लीबरोबर दुधाचा एक चिमुकला डबा सासूबाईंच्या हातात ठेवला. चहासाठी. तिथल्या मोटेलांची ही जुनी रीत आहे. दोन दिवसांच्या प्रवासानंतर आल्याचा चहा झाला, मुगाची खिचडी झाली, आणि घरातले सगळे माणसात आले. प्लगच्या पिना तिरक्या असतात, अडॅप्टर इथूनच न्या.

तिसरा दिवस : क्राइस्टचर्च ते टेकापो

अंतर साधारण २३० किलोमीटर. नकाशा तीन तास सांगतो, तुम्ही साडेचार-पाच धरा. सकाळी अकराच्या आधी निघू नका. डिसेंबरात रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे उशिराची भीती बाळगायचं कारण नाही. हे मी इतकं घोकून सांगते कारण आपल्या घरातले मोठे सात वाजताच बॅगा दाराशी आणून ठेवतात. त्यांना साडेसात तासांचं गणित आदल्या रात्रीच समजावून सांगा.

हायवेला लागलात की वेगमर्यादा १००, गावात शिरलात की बहुधा ५०. गावाची पाटी दिसल्यावर नव्हे, पाटी ओलांडायच्या आत वेग उतरलेला हवा. वळणांवर पिवळ्या पाटीवर ३५, ४५ असे आकडे असतात. तो त्या वळणाचा सुचवलेला वेग, आणि तो मनापासून सुचवलेला असतो. कॅमेऱ्याने पकडलं तर दंड गाडीच्या कंपनीमार्फत घरी पोचतो, वर कंपनीचं शुल्क.

हायवे म्हणजे आपल्या एक्स्प्रेसवेसारखं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. बहुतेक सगळा रस्ता येणारी एक आणि जाणारी एक अशा दोनच लेनचा आहे, मध्ये दुभाजक नाही. समोरून शंभरने येणारी गाडी आणि तुम्ही यांच्यात फक्त एक रंगवलेली रेषा. मध्यरेषा तुमच्या बाजूने अखंड पिवळी असेल तर ओव्हरटेक करायचाच नाही. दर काही किलोमीटरला ओव्हरटेकसाठी जादा लेन येते, तोवर धीर धरा. आणि तुम्ही हळू जात असाल, तर मागे तीन-चार गाड्या साठल्या की सुरक्षित जागा बघून डावीकडे थांबा आणि त्यांना जाऊ द्या. नवख्या माणसाला मागच्या गाडीचं दडपण येतं आणि तो वेग वाढवतो. तसं करू नका, बाजूला व्हा. लोक हात करून आभार मानतात.

एकेरी पुलांची पाटी आजच शिकून घ्या, पुढे पश्चिम किनाऱ्याला गेलात तर असे पूल वरचेवर लागतील. पाटीवर दोन बाण असतात. गोल पाटीवर तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर तुम्ही थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. निळ्या चौकोनी पाटीवर तुमचा बाण मोठा आणि पांढरा असेल, तर हक्क तुमचा. तरीही पूल रिकामा आहे ना ते बघूनच चढा.

शहरापासून तासाभराच्या आतच राकाया नदीवरचा पूल लागतो. पावणेदोन किलोमीटरहून जरासा लांब, देशातला सगळ्यात लांब रस्त्याचा पूल. खाली नदी एका धारेने वाहत नाही. दगडगोट्यांच्या रुंद पात्रात तिच्या अनेक धारा फुटतात, पुन्हा मिळतात, एखादीने वेणी घालावी तशा. चालवणाऱ्याने रस्ता बघावा, बाकीच्यांनी नदी.

अ‍ॅशबर्टन ओलांडल्यावर रांगिटाटापाशी मुख्य हायवे सोडून उजवीकडे ७९ क्रमांकाच्या रस्त्याला लागा. जेरल्डाइनला जेवा, पाय मोकळे करा, टाकी फुल्ल करा. इथून चालक बदला. आमच्यात नियम आहे की सलग दीड तासापेक्षा जास्त कोणी चालवायचं नाही, आणि शेजारी बसलेल्याने झोपायचं नाही. मागच्या सीटवर खुशाल घोरा. जांभई आली की तोंड धुणं, गाणी लावणं, काच उघडणं यांनी झोप जात नाही. थांबून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटणं, हा एकच उपाय आहे.

फेअरली गाव गेलं की ७०९ मीटर उंचीचा बर्क्स पास लागतो. चढ अगदी सौम्य, आपल्या घाटांवर हात बसलेल्याला त्यात काही वाटणार नाही. पण पलीकडे उतरलात की देखावा एकदम बदलतो. हिरवं संपतं, सोनेरी गवताचं रिकामं पठार सुरू होतं, दूर बर्फाची रांग. इथे फोनची रेंज मधूनच जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. संकटकाळचा क्रमांक १११.

आणि वारा. या पठारावर वारा असा सुटतो की गाडीचं दार हातातून हिसकावून उलटं फिरवतो. बिजागरी वाकते, दार लागत नाही, आणि हे नुकसान काही करारांत विम्याबाहेर असतं. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा, दार एका हाताने धरून उघडा, दोन्हीकडची दारं एकदम उघडू नका. मुलांना आपलं दार स्वतः उघडू देऊ नका.

टेकापोला पोचून सामान टाका आणि सरोवरापाशी जा. पाण्याचा तो दुधाळ निळा रंग फोटोतला वाटतो, पण तो खरा आहे. हिमनद्या खडक दळत येतात, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण पाण्यात तरंगत राहतं आणि उजेड तसा परततो. काठावरचं दगडी चर्च १९३५ चं आहे. आत फोटो काढायला मनाई आहे, ती पाळा. वेदीमागच्या खिडकीतून सरोवर आणि डोंगर दिसतात, ते नुसते बघा.

हा सगळा भाग २०१२ पासून काळोख जपण्यासाठी राखीव आहे, गावातले दिवेही खाली तोंड करून मंद लावलेले. डिसेंबरात पुरता काळोख व्हायला रात्रीचे साडेअकरा वाजतात. पण तुमचं शरीर तेव्हा दुपारचे चार समजत असतं, झोप येतच नसते. इथे जेटलॅग तुमच्या बाजूने उभा राहतो. स्वेटर चढवा आणि बाहेर या. आपल्याकडून सहसा न दिसणारे मॅगेलनचे मेघ (आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन दीर्घिका), दोन फिकट ढगांसारखे, डोळ्यांनी दिसतात. मृग नक्षत्र उलटं टांगलेलं दिसतं. भाची ते पाहून बराच वेळ डोकं खाली घालून, पायांच्या मधून बघत होती.

चौथा दिवस : आओराकीच्या पायथ्याशी

टेकापोला दोन रात्री ठेवा. रोज बॅगा बांधायच्या नाहीत, मुलांना ठाव मिळतो, आणि आजचा प्रवास रिकाम्या डिकीने होतो. एका बाजूने सुमारे १०५ किलोमीटर, सव्वा-दीड तास. आज दहाला निघालात तरी चालेल, घड्याळ थोडं सरकलेलं असतं. निघताना टाकी भरा. बऱ्याच पेट्रोलपंपांवर माणूस नसतो, यंत्रात कार्ड घालून पिन द्यावा लागतो, म्हणून पिन चालणारं कार्ड जवळ असू द्या.

पुकाकी सरोवराच्या काठाने रस्ता जातो आणि समोर, रस्त्याच्या टोकाशी, आओराकी उभा. उंची ३७२४ मीटर. १९९८ पासून या शिखराचं अधिकृत नाव 'आओराकी / माउंट कुक' असं दुहेरी आहे, तिथल्या मूळ रहिवाशांचं, म्हणजे माओरी नाव आधी. फोटोसाठी रस्त्याच्या कडेला कुठेही थांबू नका, मोह फार होतो. ठरलेले थांबे आहेत, तिथेच थांबा.

पायवाटांमध्ये सगळ्यात प्रसिद्ध हूकर व्हॅली. जाऊन-येऊन १० किलोमीटर, जवळजवळ सपाट. पण झुलता पूल बदलण्यासाठी २०२५ मध्ये तिचा पुढचा भाग बंद केला होता, त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री संवर्धन खात्याच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती बघा. बरोबर वयस्कर मंडळी असतील तर केआ पॉइंटची तासाभराची वाट बरी. टास्मान हिमनदीचा देखावा चाळीस मिनिटांत होतो, पण पायऱ्या पुष्कळ आहेत. आमच्या सासूबाई अर्ध्यावर बाकावर बसल्या आणि तिथूनच समाधानाने बघत राहिल्या. केआ हा डोंगरी पोपट गाडीच्या रबरी पट्ट्या चोचीने उपटतो. त्याला खायला घालू नका.

गावात एडमंड हिलरींचा पुतळा आहे, डोंगराकडे तोंड करून. एव्हरेस्टच्या आधी ते याच शिखरांवर घडले. पुढे १९८५ ते १९८९ ते दिल्लीत न्यूझीलंडचे उच्चायुक्त होते, हे सासऱ्यांनी आम्हाला नेहमी सांगितलेलं. सासूबाईंनी तो पुतळा बघितला, पदर डोक्यावर घेतला आणि नमस्कार केला.

परतताना सूर्य समोर येत असेल तर वेग कमी करा. टेकापोला आल्यावर उद्याचा टप्पा नकाशावर एकदा बघून ठेवा. क्वीन्सटाउनला जायला ट्वायझल, ओमारामा, मग ९७१ मीटरचा लिंडिस पास, पुढे क्रॉमवेल. सुमारे २६० किलोमीटर. ओमारामाला टाकी भरून घ्या, त्यानंतर बराच वेळ काही नाही. क्रॉमवेलला रस्त्याकडेला फळबागांची दुकानं लागतात, डिसेंबर-जानेवारीत ताज्या चेरी मिळतात. एक किलो घ्या म्हणून ठरवाल, पण दोन घ्या. गाडीतच संपतात.